चित्राचं घड्याळ आणि गाण्याचं घड्याळ



हल्ली आपल्याकडे कुठलाही घरगुती समारंभ फोटोंच्या कार्यक्रमाशिवाय पुरा होत नाही. साखरपुडा असो, साठीशांत असो, की कुणाच्या वर्षश्राद्धानंतरची आठवणींची बैठक असो. जेवणाच्या आधी दिवे मालवतात, पडदा सोडतात आणि मागे गाणं लावून एकेक फोटो दाखवतात. कल्पना छानच आहे, पण बरेचदा कुठेतरी माशी शिंकते. पहिला फोटो येतो आणि तिथेच ठाण मांडून बसतो. किंवा गाणं सुरू होतं आणि दुसरा फोटो आला की गप्प होतं. किंवा दोन्ही नीट चालतात, पण गाणं आधी संपतं आणि शेवटचे आठ-दहा फोटो मुक्यानेच जातात. मग कुणीतरी धावत लॅपटॉपकडे जातं, पडद्यावर अचानक त्याच्या डेस्कटॉपचा सगळा पसारा दिसतो आणि मागून आवाज येतो, "कॉम्प्युटरच तो, त्याचा काय भरवसा!"

कॉम्प्युटरचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही. पण नात्यातल्या पाच-सहा समारंभांसाठी असे कार्यक्रम जुळवून दिल्यावर माझं मत असं झालंय की तो बिचारा सांगितलं तेवढंच करतो. आपल्या लक्षात येत नाही ते इतकंच, की या खेळात एक नाही, दोन घड्याळं चालू असतात. एक चित्रांचं, एक गाण्याचं. आणि ती एकमेकांकडे बघत नाहीत.

पूर्वी बघणारा माणूस असायचा. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' नावाने खेळ सुरू केले होते. मॅजिक लँटर्न नावाच्या दिव्यापुढे काचेवर हाताने रंगवलेली चित्रं सरकवायची आणि रामायण-महाभारतातल्या कथा निवेदनाच्या आणि संगीताच्या साथीने पडद्यावर दाखवायच्या. आजच्या भाषेत स्लाइड शोच की तो! पण तिथे काच सरकवणारा माणूस, सांगणारा माणूस, वाजवणारा माणूस. चित्र जरा अडकलं तर गाणारा आणखी एक आवर्तन घेऊ शकतो. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'पासूनच्या मूकपटांनाही थिएटरात बसलेले वादक पडद्याकडे बघूनच साथ करत. पुढे बोलपट आले, तेव्हा आवाज चित्राच्याच फितीच्या कडेला छापायची पद्धत रूढ झाली. म्हणजे दोन घड्याळांचं एकच घड्याळ केलं. फीत पळाली की दोन्ही बरोबर पळणार. हे लक्षात असू द्या, पुढे उपयोगी पडणार आहे.

आता आपलं पॉवरपॉइंट. १९८७ साली ते पहिल्यांदा आलं ते मॅकिंटॉश संगणकासाठी आणि वक्त्याच्या सोयीसाठी. ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शक कागदांचा मजकूर त्यात तयार करत. वक्ता बोलणार, त्याचं बोलून झालं की पुढचं पान येणार. त्यामुळे त्याचा मूळ स्वभावच असा, की माणूस खूण करेपर्यंत थांबायचं. आपण मात्र त्याला सांगतो की आता कुणी बोलणारा नाही, तूच पुढे जा आणि जाताना गाणंही म्हण. हे त्याला नीट समजावून सांगावं लागतं.

हे सगळं मला बारकाईने बघावं लागलं ते २०२३ साली, अण्णाच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या वेळी. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. भाच्याने चौसष्ट फोटो आणि दोन गाणी घालून एक फाइल पाठवली आणि वर लिहिलं, "आत्या, जरा बघ ना, हे चालतच नाहीये." त्या एका फाइलमध्ये वर सांगितलेली सगळी दुखणी होती. शाळेत मुलांच्या वह्या तपासायची सवय अजून गेलेली नाही, म्हणून क्रमाने गेले.

पहिलं दुखणं, फोटो पुढे न सरकण्याचं. 'ट्रान्झिशन्स' या टॅबवर उजव्या टोकाला दोन चौकोन असतात. 'ऑन माउस क्लिक' म्हणजे क्लिक केल्यावर पुढे जा आणि 'आफ्टर' म्हणजे इतक्या सेकंदांनी आपण होऊन पुढे जा. 'आफ्टर'वर खूण करून सेकंद भरायचे आणि 'अप्लाय टु ऑल' दाबायचं. ते दाबलं नाही तर वेळ फक्त त्या एकाच स्लाइडला लागते. भाच्याने हे सगळं अगदी बरोबर केलं होतं, तरी गाडी हलेना. कारण कुलूप दुसरीकडे होतं. 'स्लाइड शो' टॅबवर 'सेट अप स्लाइड शो' उघडलं की एक प्रश्न असतो, स्लाइड पुढे कशी न्यायची? तिथे 'मॅन्युअली' निवडलेलं असेल तर तुम्ही 'आफ्टर'मध्ये काहीही भरा, सगळं पाण्यात. तिथे 'यूझिंग टायमिंग्ज' पाहिजे. भाच्याने ही फाइल ऑफिसातल्या एका जुन्या फाइलवर बेतली होती आणि ती 'मॅन्युअली'ची खूण तिच्याबरोबरच आली होती.

दुसरं दुखणं, गाणं मध्येच बंद पडण्याचं. गाण्याचं स्पीकरसारखं चित्र निवडलं की 'प्लेबॅक' टॅब दिसतो. तिथे 'स्टार्ट'पुढे 'ऑटोमॅटिकली' असलं, म्हणजे गाणं आपोआप सुरू होईल. पण ते त्या स्लाइडपुरतंच. स्लाइड बदलली की त्याचा संबंध संपला. पुढेही चालू राहायला हवं असेल तर 'प्ले अक्रॉस स्लाइड्स'वर खूण हवी. 'प्ले इन बॅकग्राउंड' नावाचं एक बटण आहे, ते दाबलं की या दोन्ही गोष्टी होतात, शिवाय स्पीकरचं चित्र लपतं आणि गाणं संपलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. हे शेवटचं मला पसंत नाही. समारोपाच्या फोटोवर गाण्याची सुरुवातीची सनई पुन्हा वाजायला लागली की लोकांना वाटतं, अजून बाकी आहे. म्हणून 'लूप अन्टिल स्टॉप्ड'वरची खूण मी काढून टाकते.

याच दुखण्याचा एक जुना प्रकार आहे. २००७ च्या आणि त्याआधीच्या पॉवरपॉइंटमध्ये एमपीथ्री गाणं फाइलच्या पोटात जात नसे, नुसता त्याचा पत्ता लिहून ठेवला जाई. फाइल पेनड्राइव्हवर घालून दुसरीकडे नेली की फोटो यायचे आणि गाणं घरीच राहायचं. २०१० च्या आवृत्तीपासून गाणं आतच साठवलं जातं. पण त्या काळात तयार केलेल्या फाइली अजून पुष्कळांच्या घरी आहेत. त्या उघडून पुन्हा वापरणार असाल तर गाणं नव्याने घाला, हे बरं.

तिसरं दुखणं गणिताचं. (मराठी शिकवणाऱ्या बाईने गणित सांगावं, हे काळाचं माहात्म्य!) चौसष्ट फोटो, प्रत्येकी पाच सेकंद, म्हणजे ३२० सेकंद. पण एक फोटो जाऊन दुसरा येताना जी पानं उलटतात, पडदे सरकतात, त्यालाही वेळ लागतो आणि तो या पाच सेकंदांत धरलेला नसतो. भाच्याने प्रत्येकाला दीड सेकंदाची गंमत लावली होती. चौसष्ट गुणिले दीड म्हणजे ९६. एकूण ४१६ सेकंद, म्हणजे ६ मिनिटं ५६ सेकंद. दोन्ही गाणी मिळून ६ मिनिटं ४५ सेकंद. शेवटचे अकरा सेकंद शांतता. भाचा म्हणत होता तसं "कॉम्प्युटर स्लो" वगैरे काही नव्हतं, बेरीज होती. शिवाय एखाद्या स्लाइडवर अक्षरं उडत येण्याचा वगैरे खेळ असेल, तर तो संपेपर्यंतही स्लाइड जागची हलत नाही. तेही धरावं लागतं.

इतकं झाल्यावर फाइल चालू लागली. खरं तर माझं काम संपलं होतं. पण कार्यक्रम अण्णाचा, म्हणून एकदा अण्णालाच दाखवावी असं मनात आलं.

अण्णाला त्याआधी दोनेक वर्षांपासून विसरायला होत होतं. चष्मा कुठे ठेवला, असलं विसरणं नव्हे. सकाळी येऊन गेलेला माणूस दुपारी आठवायचा नाही. नातवंडांच्या नावांची अदलाबदल व्हायची. जुनं मात्र कुठेतरी खोल शाबूत होतं, फक्त वर यायला वेळ लागायचा. विहिरीला पाणी असतं, पण दोर लांब लागतो, तसं.

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी फाइल लावली. वहिनी शेजारी बसल्या. पाच सेकंदांनी फोटो बदलत होते. अण्णा पुढे वाकायचा, बोट वर करायचा, "हा... हा तर..." आणि फोटो गेला. पुढचा. पुन्हा बोट वर. तोही गेला. दहा-बारा फोटोंनंतर त्याने बोट वर करणं सोडलं आणि मागे टेकून बसला. म्हणाला, "चांगलं आहे गं. कुणाच्या घरचं आहे?"

मी फाइल बंद केली.

मंडळी, पाच सेकंद हा आकडा कुणी ठरवला? चालवणाऱ्याला पाच सेकंद पुरतात, कारण त्याला फोटो पाठ असतात. तरुण पाहुण्यांना तर तीनसुद्धा पुरतात. आता मोबाइलवर अशी अ‍ॅप्स आहेत की फोटो टाका, गाणं निवडा, ते गाण्याच्या ठेक्यावर फोटो आपोआप कापून देतात. दिसतं फार झकास. पण तिथे गाण्याचं घड्याळ मालक आणि चित्राचं घड्याळ नोकर. बघणाऱ्याचं घड्याळ कुणी विचारातच घेत नाही. तेव्हा मला कळलं, की घड्याळं दोन नाहीत, तीन आहेत.

तिसरं घड्याळ पकडायची सोय पॉवरपॉइंटमध्ये आहे. 'स्लाइड शो' टॅबवर 'रिहर्स टायमिंग्ज' म्हणून बटण आहे. ते वक्त्यांसाठी केलेलं. आपलं भाषण म्हणत जायचं आणि एकेक स्लाइड पुढे सरकवायची, कुठल्या स्लाइडवर किती वेळ गेला ते यंत्र टिपत जातं. शेवटी विचारतं, हे वेळ ठेवू का? हो म्हटलं की प्रत्येक स्लाइडच्या 'आफ्टर'मध्ये तो वेळ जाऊन बसतो.

मी चौसष्टांतले सव्वीस फोटो निवडले, मधल्या गमतीजमती काढून टाकल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णाला पुन्हा बसवलं. सकाळी त्याचं डोकं ताजं असतं. माउस माझ्या हातात. ठरवलं, की अण्णाने ओळखल्याशिवाय, किंवा त्याला आता पुरे असं दिसल्याशिवाय, क्लिक करायचं नाही. आणि त्याला काही सुचवायचंही नाही.

बाबांचा सायकल धरून उभा असलेला फोटो होता. बारा सेकंदांनी अण्णा म्हणाला, "ही सायकल आपली. हिची घंटी वाजत नसे." बाबांबद्दल काही नाही, सायकलबद्दलच. पण चेहरा असा उजळला होता! आमच्या शाळेच्या पायऱ्यांवरच्या फोटोत त्याने तीन मित्रांची नावं सांगितली, एकवीस सेकंदांत. नातवंडांच्या अलीकडच्या रंगीत फोटोंवर मात्र तो लगेच "छान आहेत पोरं" म्हणून मोकळा झाला. म्हणजे आपण जे धरून चालतो त्याच्या नेमकं उलट. नवे फोटो लवकर सरकवले तरी चालणार होते, जुन्यांना वेळ हवा होता.

आणि मग त्याच्या लग्नातला फोटो आला. मुंडावळ्या बांधलेला अण्णा आणि शेजारी नऊवारीतल्या वहिनी. अण्णा बघत राहिला. दहा सेकंद. पंधरा. माझं बोट माउसवर होतं. वहिनी त्याच्या शेजारीच, हातातल्या रुमालाची घडी घालत बसलेल्या. त्या काही बोलल्या नाहीत. मीही क्लिक केलं नाही. वीस. पंचवीस. मग अण्णाने मान वळवून वहिनींकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं आणि म्हणाला, "तू आहेस की ही."

एकतीस सेकंद. यंत्राने टिपले होते.

सगळे मिळून ८ मिनिटं १० सेकंद झाले. प्रत्येक फोटोला एक सेकंदाचा साधा 'फेड' लावला, त्याचे सव्वीस सेकंद. म्हणजे ८ मिनिटं ३६ सेकंद. भाचा म्हणाला, "आत्या, एवढं लांब लोक बघत नाहीत गं. आणि लग्नाच्या फोटोवर अर्धा मिनिट? दहा सेकंद कर ना." मी काही उत्तर द्यायच्या आत वहिनीच म्हणाल्या, "राहू द्या वन्सं, तेवढाच." विषय संपला.

आता गाणं कमी पडत होतं, १ मिनिट ५१ सेकंद. फोटोंचा वेळ कापायचा नाही हे ठरलेलं, तेव्हा गाणंच वाढवायचं. अण्णाची नात पेटी शिकते. तिने वाजवलेली दोन मिनिटांची एक धून मोबाइलवर मुद्रित केली. पॉवरपॉइंटमध्ये गाण्याची दोन्ही टोकं छाटता येतात, आवाज हळूहळू चढवता-उतरवता येतो, पण दोन गाणी एकमेकांना जोडता येत नाहीत. त्यासाठी 'ऑडॅसिटी' नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. त्यात तिन्ही एकापुढे एक ठेवून एकच फाइल केली. नऊ सेकंद उरले, ते शेवटच्या फोटोला देऊन टाकले.

मग फितीवरची युक्ती. हॉलमधला लॅपटॉप कुठला असेल, त्यात पॉवरपॉइंट कितवं असेल, आपला मराठी फाँट तिथे असेल की फोटोखाली नुसते चौकोन दिसतील, काही सांगता येत नाही. म्हणून 'एक्स्पोर्ट'मध्ये जाऊन 'क्रिएट अ व्हिडिओ' करायचं. मग चित्र आणि आवाज एकाच फितीवर छापल्यासारखे होतात, मागेपुढे होत नाहीत. फक्त तिथे 'यूज रेकॉर्डेड टायमिंग्ज अँड नॅरेशन्स' हाच पर्याय निवडलेला आहे ना, ते बघा. दुसरा निवडला तर यंत्र सगळ्या फोटोंना सरसकट एकच वेळ लावतं, आणि न सांगितल्यास तो पाच सेकंदांचाच असतो! हॉलवर गेल्यावर आणखी एक गोष्ट तपासा. प्रोजेक्टरची वायर जोडली की कधी कधी आवाजही त्या वायरीतून प्रोजेक्टरकडे जातो आणि स्पीकर मुके राहतात. पडद्याच्या कोपऱ्यात, घड्याळाजवळ जे स्पीकरचं चिन्ह असतं, तिथून आवाज कुठे जावा ते बदलता येतं.

गळलेल्या अडतीस फोटोंचं काय, असं विचारणारे नातेवाईक हे वाचत आहेत याची मला कल्पना आहे. ते फोटो दारापाशी दुसऱ्या लॅपटॉपवर लावले होते. 'सेट अप स्लाइड शो'मध्ये 'किऑस्क' असा एक पर्याय आहे. तो निवडला की एस्केपचं बटण दाबेपर्यंत चक्र चालूच राहतं. तीन-तीन सेकंद, गाणं नाही. येणारेजाणारे आपापला फोटो येईपर्यंत हौसेने थांबत होते. तेव्हा कुणी रुसू नये.

कार्यक्रम पार पडला. लोक कंटाळले का? काही जण कंटाळले असतील. पण लग्नाच्या फोटोवर अर्धा मिनिट पडदा थांबला, तेव्हा हॉलमध्ये कुणीही "अडकलं वाटतं" म्हणालं नाही. अण्णा त्या दिवशी गर्दीने दमला होता. त्या फोटोवर तो काहीच बोलला नाही, नुसतं बघत होता. बघू दिलं, एवढंच आपल्या हातात होतं.

आता त्याला आणखी विसरायला होतं. तो व्हिडिओ पेनड्राइव्हवर घालून मी वहिनींना दिला आहे, टीव्हीला मागे लावता येतो. दुपारी कधीतरी त्या लावतात. परवा फोनवर म्हणाल्या, "वन्सं, तुमचे ते एकतीस सेकंद हल्ली पुरत नाहीत हो." मी त्यांना रिमोटवरचं दोन उभ्या रेघांचं बटण सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते मला सापडलंय केव्हाच."

येत्या लग्नसराईत तुमच्यापैकी कुणी असा कार्यक्रम करणार असाल तर फोटो थोडे घ्या, गाणं शेवटी निवडा, आणि घरातल्या सगळ्यात हळू बघणाऱ्या माणसाला आधी एकदा दाखवा. बाकीची बटणं वर सांगितलीच आहेत.